रिपोर्ट नॉर्मल, बोट काळं: लालबागच्या टेलरकाकांच्या पायाचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ६४. लालबागला टेलरिंगचा छोटा गाळा. मधुमेह १८ वर्षांचा, रक्तदाब दहाएक वर्षांचा, विडी पाच वर्षांपूर्वी सुटलेली. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला टोकाशी जखम, महिना उलटला तरी भरायचं नाव नाही, आणि गेल्या आठवड्यात टोक काळं पडायला लागलेलं. बरोबर आणलेल्या फाइलमध्ये मात्र सगळं आलबेल. एका शिबिरात पायाचा रक्तप्रवाह तपासून घेतला होता, त्यावर हिरव्या रंगात ‘नॉर्मल’ असं छापलेलं. (ओळख पटू नये म्हणून घरचे-दारचे काही तपशील बदलले आहेत.)

जखम कशी झाली हे काकांना सांगता येईना. काकूंनी सांगितलं. चपलेच्या तळातून टाचणी वर आली होती, ह्यांनी ती दिवसभर तशीच वागवली, संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं. टेलरच्या गाळ्यात टाचण्या जमिनीवर असायच्याच. पण बोटात घुसलेली टाचणी दिवसभर कळू नये, याचा अर्थ पायाच्या मज्जातंतूंची संवेदना गेलेली. मधुमेहात हे इतकं सर्रास दिसतं की त्याचं नवल वाटत नाही. मात्र त्याचा एक दुष्परिणाम लक्षात ठेवावा लागतो: रक्त कमी पडल्यावर पाय दुखतो, ती दुखण्याची घंटाच इथे वाजत नाही.

म्हणून ‘चालताना पाय दुखतात का?’ या ठरलेल्या प्रश्नाला काकांनी ‘नाही’ असं ठरलेलं उत्तर दिलं. चालणंच फारसं नव्हतं. घर ते गाळा पाच मिनिटांचं अंतर, मध्ये दोनदा ओळखीच्यांशी गप्पा. मग विचारलं, मशीन पायाची की मोटरची? मोटरची. कधी बसवली? दोन वर्षं झाली. का? ‘पोटऱ्या भरून यायच्या हो. एक झब्बा शिवेपर्यंत दोनदा थांबायला लागायचं. वय झालं, म्हटलं.’

निदान निम्मं तिथेच झालं होतं. पेडल मारताना पोटरीचे स्नायू काम करतात, त्यांना रक्त जास्त लागतं. ते मिळालं नाही की पोटरी भरून येते आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते. हीच तक्रार माणूस रस्त्यावर चालताना सांगतो तेव्हा प्रत्येक डॉक्टरला ती ओळखू येते. मशीनवर बसून झाली तर तिचं नाव ‘वय झालं’. मोटर बसवली, तक्रार मिटली, आजार मात्र दोन वर्षं आत वाढत राहिला.

मुलगी बरोबर होती, तिशीतली, बँकेत नोकरी करणारी. तिने पर्समधून कोरोनाच्या काळातला ऑक्सिमीटर काढला. ‘डॉक्टर, मी घरी पप्पांच्या पायाच्या अंगठ्याला लावून बघितलं. सत्त्याण्णव येतंय. म्हणजे रक्त पोचतंय ना?’

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि हे सगळं प्रकरण त्याच प्रश्नाभोवती फिरतं. ऑक्सिमीटर लाल (६६० नॅनोमीटर) आणि इन्फ्रारेड (९४० नॅनोमीटर) असे दोन प्रकाश बोटातून आरपार पाठवतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दोन्ही किती शोषले जातात याचं गुणोत्तर काढतो, आणि त्यावरून जे रक्त आलंय त्यातल्या हिमोग्लोबिनने किती ऑक्सिजन उचललाय ते सांगतो. किती रक्त आलं, हे तो सांगत नाही. थेंबभर रक्त आलं आणि ते फुप्फुसांतून नीट भरून आलेलं असलं, तर आकडा ९७ च दिसणार. गंमत अशी की हे यंत्र जन्माला आलं ते रक्तप्रवाहच मोजण्याच्या खटपटीतून. जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, रक्तात रंगद्रव्य सोडून ते कानाच्या पाळीत किती वेळात फिकट होतं त्यावरून हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकतं ते काढायचा प्रयत्न करत होते. नाडीचे ठोके त्यांच्या आलेखात लुडबुड करत होते. ती लुडबुड काढून टाकायची युक्ती शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं की तिच्यातच ऑक्सिजनचा हिशेब दडलाय. प्रवाह बाजूला राहिला आणि जगाला ऑक्सिमीटर मिळाला. ताईंना एवढं सगळं सांगितलं नाही. ‘हे यंत्र रक्ताची प्रत सांगतं, माप सांगत नाही’ एवढंच सांगितलं. टेलरच्या मुलीला ते लगेच समजलं.

आता शिबिरातला रिपोर्ट. त्यात एबीआय, म्हणजे अँकल-ब्रॅकियल इंडेक्स, डावीकडे १.१५ होता. हा निर्देशांक काढणं सोपं. घोट्याजवळच्या धमनीतला वरचा दाब भागिले दंडातला वरचा दाब. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो, त्यामुळे उत्तर १ ते १.४ यांच्या मध्ये येतं. ०.९ किंवा त्याखाली आलं की वरच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे असं धरतात, ०.४ च्या खाली गेलं की पाय धोक्यात. ट्रॅव्हिस विन्सर यांनी १९५० मध्ये अशी तुलना मांडली आणि आजही पायाच्या रक्तवाहिन्यांची पहिली तपासणी हीच. स्वस्त, सुई नाही, किरण नाहीत, दहा-पंधरा मिनिटांत होते.

शिबिरातलं स्वयंचलित यंत्र चुकलं असेल, असा पहिला संशय कुणालाही येईल. म्हणून हाताने पुन्हा मोजलं. काकांना वीस मिनिटं आडवं ठेवलं. दंडाचे दाब १४८ आणि १४४. मोठा घ्यायचा, १४८. डाव्या घोट्याला कफ, म्हणजे दाब मोजायचा फुगणारा पट्टा, पावलाच्या वरच्या धमनीवर जेल आणि त्यावर ८ मेगाहर्ट्झचा पेन्सिलीएवढा डॉप्लर. कफ फुगवून आवाज बंद केला, हळूहळू हवा सोडली, आवाज परत आला तो १६६ वर. घोट्यामागच्या धमनीवर १५०. मोठा आकडा १६६, भागिले १४८, उत्तर १.१२. उजवीकडे १.२०. यंत्राने काही चूक केली नव्हती. पुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे दोन्ही पाय नॉर्मल.

पण परत आलेला आवाज नॉर्मल नव्हता.

तो आवाज म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सुई न टोचता रक्तप्रवाह मोजायच्या निम्म्या पद्धती त्यावर उभ्या आहेत. त्या पेन्सिलीच्या टोकातून, म्हणजे प्रोबमधून, अल्ट्रासाउंड आत जातो, वाहत्या लाल पेशींवर आपटून परत येतो. पेशी प्रोबकडे येत असतील तर परतणाऱ्या लहरीची वारंवारता वाढते, लांब जात असतील तर कमी होते. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग इथे हे तत्त्व मांडलं ते जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाउस बॅलट यांनी आगगाडीत तुतारी वाजवणारे बसवून ते आवाजावर पडताळून पाहिलं. रक्तापर्यंत यायला आणखी शंभरेक वर्षं लागली. १९५० च्या दशकात ओसाकात शिगेओ सातोमुरा यांनी अल्ट्रासाउंड डॉप्लर हृदय आणि रक्तवाहिन्यांकडे वळवला. आणि निसर्गाची कृपा अशी की शरीरात भेटणाऱ्या वेगांना हा फरक थेट कानाला ऐकू येण्याजोगा निघतो. ८ मेगाहर्ट्झचा प्रोब, धमनीशी ६० अंशांचा कोन, रक्ताचा वेग सेकंदाला ५० सेंटीमीटर, ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरला, तर फरक येतो सुमारे २६०० हर्ट्झ. त्यामुळे साध्या डॉप्लरला पडदा लागत नाही, स्पीकर पुरतो.

निरोगी पायाच्या धमनीचा आवाज तीन तुकड्यांत येतो. पहिला जोरदार फटकारा, लगेच उलट दिशेचा छोटा हिसका, मग पुन्हा पुढे एक हलका स्पर्श. मधला उलटा हिसका फार महत्त्वाचा. विश्रांतीत पायाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, पुढे विरोध असतो, म्हणून ठोक्याची लाट थोडी मागे परतते. वर कुठे धमनी तुंबली की खालचं सगळं जाळं रक्तासाठी आ वासून उघडं पडतं, विरोध संपतो, उलटा हिसका नाहीसा होतो आणि ‘हूऽऽश, हूऽऽश’ असा एकसुरी, संथ चढणारा आवाज उरतो. काकांच्या डाव्या पावलावर तोच ऐकू येत होता. आकडा १.१२ आणि आवाज हा. दोन्ही खरे कसे?

कारण कफ रक्ताचा दाब मोजतो हे अर्धसत्य आहे. कफ मोजतो धमनी चेपायला लागणारा दाब. धमनीची भिंत मऊ असेल तर दोन्ही सारखेच. मधुमेहात, आणि मूत्रपिंड कमजोर असताना, धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं. योहान म्योंकेबर्ग यांनी १९०३ मध्ये याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने हा विकार ओळखतात. काकांना हे त्यांच्याच भाषेत सांगितलं: कॉलरमध्ये बकरम घातलं की कापड बोटाने दुमडत नाही, तसं तुमच्या नसांत बकरम बसलंय, कफ दाबतोय तो बकरमला, रक्ताला नाही. काका हसले. ‘म्हणजे मापच चुकीचं घेतलं.’ माप बरोबरच होतं, फक्त दुसऱ्याच गोष्टीचं होतं.

एबीआय १.४ च्या वर गेला तर सगळेच सावध होतात, ‘नस दबत नाहीये’ असं रिपोर्टात लिहून येतं. खरी फसगत काकांसारख्यांची होते. आतला दाब अडथळ्यामुळे खूप खाली गेलेला, भिंतीच्या कडकपणाने आकडा तितकाच वर ढकललेला, आणि बेरीज-वजाबाकी होऊन उत्तर नेमकं नॉर्मलच्या पट्ट्यात. हिरवी शाई छापणाऱ्या यंत्राला यातलं काही कळायची सोय नाही. माझं मत विचाराल तर, दहा-पंधरा वर्षांच्या मधुमेहात, पायाला जखम असताना, नुसत्या एबीआयवर ‘नॉर्मल’ हा शब्द छापूच नये.

मग भिंतीला बगल देऊन दाब कसा मोजायचा? एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. रुग्णाला सपाट झोपवायचं, पावलावर डॉप्लर ठेवायचा आणि पाय हळूहळू वर उचलत जायचं. जसजसं पाऊल हृदयाच्या पातळीपासून वर जातं, तसतसं रक्ताला तेवढा चढ चढावा लागतो. दर १३ सेंटीमीटरला साधारण १० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब खर्च होतो. ज्या उंचीला आवाज नाहीसा होतो, तोच पावलाचा दाब. भिंत कडक असली तरी चढ कुणाला चुकत नाही. उंची मोजायला टेप शोधत होतो, तर काकांनी गळ्यातली काढून दिली. दवाखान्यात येतानाही ती उतरवायची त्यांना सवय नव्हती. मुलीने टेपचं एक टोक छातीच्या मध्याच्या पातळीला धरलं, मी पाय उचलला. आवाज बारीक होत होत ५२ सेंटीमीटरला गेला. जरा खाली आणला, परत आला. पुन्हा वर, पुन्हा गेला. ५२ सेंटीमीटर म्हणजे ४० मिलिमीटर. कफ जिथे १६६ सांगत होता, तिथे खरा दाब ४०.

या युक्तीला मर्यादा आहे. पाय फार तर ७०-८० सेंटीमीटर उचलता येतो, त्यामुळे साठच्या वरचे दाब यात मोजता येत नाहीत. उजवा पाय पूर्ण उचलूनही आवाज गेला नाही, म्हणजे तिथला दाब त्याहून जास्त, इतकंच कळलं. आणखी एक गोष्ट पाय वर असतानाच दिसली. डावं पाऊल पांढरंफटक पडलं, आणि खाली सोडल्यावर मिनिटभरात जांभळट लाल झालं. काकू म्हणाल्या, ‘रात्री पाय खाटेखाली सोडून झोपतात, तेव्हा असाच लाल होतो. मला वाटायचं, रक्त चांगलं खेळतंय.’ पुष्कळांना तसंच वाटतं. तो लालीचा खेळ म्हणजे उपाशी केशवाहिन्यांनी सताड उघडलेली दारं.

पुढची तपासणी बोटाच्या दाबाची. धमनीत साचणारं कॅल्शियम बोटांच्या बारीक धमन्यांना बहुधा सोडून देतं, म्हणून मधुमेहात घोट्यापेक्षा बोट जास्त खरं बोलतं. दुसऱ्या बोटाला जखम होती, अंगठा शाबूत होता, तोच घेतला. अंगठ्याच्या मुळाशी अडीच सेंटीमीटर रुंदीचा चिमुकला कफ, आणि पेराच्या गुबगुबीत भागावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेला प्रकाशाचा सेन्सर. हा सेन्सर ऑक्सिमीटरचा चुलतभाऊ, पण वयाने मोठा. अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात त्वचेतून परत येणाऱ्या प्रकाशावरून नाडीची लाट टिपायची ही रीत रूढ केली. पडद्यावर लाट दिसते, कफ फुगवला की सपाट रेष होते, हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरने सोडत जायचं, रेषेवर पहिला उंचवटा उमटला की तो अंगठ्याचा दाब.

पहिलं रीडिंग आलं २२. त्यावर विश्वास ठेवला नाही, कारण बाहेर ऑगस्टअखेरचा पाऊस, काका ओल्या पायांनी आलेले आणि खोलीत एसी सुरू. थंडीने बोटाच्या वाहिन्या आवळल्या की हा आकडा सहज खाली जातो. एसी बंद केला, पाय कोरडे करून चादरीत गुंडाळले, काकूंना चहा सांगितला. पाव तासाने पुन्हा: २८. आणखी एकदा: २८. दंडाच्या १४८ ने भागलं तर ०.१९, निरोगी माणसात हे गुणोत्तर ०.७ च्या वर असतं. उजवा अंगठा ७४, म्हणजे ०.५. तोही निर्धास्त नव्हताच. पायाच्या जखमेचा धोका ठरवायची जी प्रतवारी शस्त्रवैद्य वापरतात, तिच्यात बोटाचा दाब ३० च्या खाली गेला की रक्तपुरवठ्याची इयत्ता सर्वांत वाईट. इतक्या दाबावर ड्रेसिंग कितीही चोख केलं तरी जखम भरायची शक्यता फार थोडी.

मोठ्या रुग्णालयांत याच्या जोडीला त्वचेतून येणारा ऑक्सिजन मोजतात. त्याचा इलेक्ट्रोड कातडीला ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, बारीक वाहिन्या उघडवतो आणि बाहेर झिरपणाऱ्या ऑक्सिजनचा दाब सांगतो. आमच्याकडे ते यंत्र नाही, आणि या प्रकरणात त्याच्याविना अडलंही नाही.

मुंबईच्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पायाचा रक्तप्रवाह सुईविना मोजायचं एक देशी यंत्र याच शहरात घडलं. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणु संशोधन केंद्राच्या अभियंत्यांनी इम्पीडन्स प्लेथिस्मोग्राफ बनवला आणि परळच्या केईएममध्ये डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पायाच्या तुंबलेल्या धमन्यांवर वापरून पाहिला. १९८१ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. तत्त्व सुरेख आहे. पायातून जाणवणारही नाही असा उच्च वारंवारतेचा बारीक विद्युतप्रवाह सोडायचा आणि मधल्या पट्ट्यात विरोध किती होतो ते पाहायचं. रक्त हे स्नायू, चरबी, हाड यांच्यापेक्षा चांगलं विद्युतवाहक. ठोक्याबरोबर रक्त आत आलं की विरोध किंचित कमी होतो. त्या ‘किंचित’च्या चढ-उतारावरून त्या भागात ठोक्यागणिक किती रक्त शिरलं याचा अंदाज बांधतात. वाहिनीच्या भिंतीचा कडकपणा कफाला जसा फसवतो तसा इथे फसवत नाही, ही जमेची बाजू. कलर डॉप्लर स्वस्त झाल्यावर ही पद्धत मागे पडली. माझ्या मते जरा जास्तच मागे पडली.

कलर डॉप्लर, म्हणजे डुप्लेक्स स्कॅन, काकांचाही केला. याने दोन गोष्टी एकदम मिळतात, धमनीचं चित्र आणि त्यातल्या रक्ताचा वेग. जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत तीन तुकड्यांची निरोगी लाट, म्हणजे वरचा रस्ता मोकळा. गुडघ्याखाली तीन धमन्या फुटतात. पुढची अर्ध्यातच बंद. मधली चालू, पण ती पावलापर्यंत थेट जात नाही, आडवाटेने रक्त देते. पावलावर ऐकू आलेला संथ आवाज तिच्याच आडवाटेचा. मागची, जी तळव्याला आणि बोटांना मुख्य पुरवठा करते, तिच्यात नडगीच्या मध्याला वेग सेकंदाला ४५ सेंटीमीटरवरून एकदम १९० वर उडालेला. तेवढंच रक्त अरुंद जागेतून जाताना वेग घेतं. ढोबळमानाने वेग दुप्पट झाला तर वाट निम्म्याहून जास्त अरुंद, चौपट झाला तर तीन चतुर्थांशाहून जास्त. इथे चौपटीहून अधिक.

डुप्लेक्स करणाऱ्याच्या हातावर किती अवलंबून असतं हे रिपोर्ट वाचणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. वेगाच्या सूत्रात कोनाचा कोसाइन बसतो. यंत्राला ६० अंश सांगितले आणि प्रत्यक्षात ६५ असले तर वेगात पंधरा टक्क्यांच्या वर चूक; ९० अंशांना तर धो-धो वाहणारं रक्तही थांबलेलं दिसतं. कॅल्शियमच्या पट्ट्यामागे सावली पडते, तिथे काहीच दिसत नाही. म्हणून काकांच्या स्कॅनला पाऊण तास लागला आणि दोनदा कोन बदलून तो १९० पडताळला. दहा मिनिटांत दोन्ही पाय उरकून ‘बायफेजिक फ्लो नोटेड’ (दोन तुकड्यांची लाट दिसली) असं लिहून मिळतं, तसल्या रिपोर्टचा इथे उपयोग नव्हता.

सीटी अँजिओग्राफी का केली नाही, असं काकांच्या पुतण्याने फोनवर विचारलं. दोन कारणं. क्रिएटिनिन १.८ होतं, म्हणजे मूत्रपिंड कमजोर; त्यावर डायचा (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचायच्या द्रवाचा) भार शक्यतो एकदाच टाकायचा, आणि तोही उपचाराच्या वेळी. दुसरं, इतकं कॅल्शियम असलेल्या बारीक धमन्या सीटीत पांढऱ्याफेक दिसतात. आतली वाट किती उरली हे तिथेही नीट कळत नाही.

उपचाराआधी हृदयाची इको झाली. अंगठ्याचा दाब कमी आहे तो हृदय कमी फेकतंय म्हणून तर नाही ना, हेही पाहायचं होतं. आणि इथे, सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा, खऱ्या अर्थाने प्रवाह मोजला गेला. हृदयातून बाहेर पडायच्या वाटेचा व्यास २ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटीमीटर. डॉप्लरच्या आलेखावरून एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ १९ सेंटीमीटर पुढे सरकतो. गुणाकार केला की एका ठोक्याला सुमारे ६० मिलिलिटर. नाडी ७६, म्हणजे मिनिटाला साडेचार लिटर. हृदय आपलं काम करत होतं. याही गणितात फट आहे. व्यास २ ऐवजी २.१ मोजला गेला तर उत्तर दहा टक्क्यांनी फुगतं, कारण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. बोटाएवढ्या रुंद वाटेत ही चूक चालून जाते. नडगीतल्या दोन-अडीच मिलिमीटरच्या धमनीत तीच पद्धत वापरून ‘मिनिटाला इतके मिलिलिटर’ असं लिहिणं धाडसाचं. म्हणून पायात आम्ही वेग, लाटेचा आकार आणि दाब यांवर थांबतो.

आता अडचण वेगळीच होती. गणपती तोंडावर, दोन मंडळांच्या झब्ब्यांची ऑर्डर अंगावर, आणि काकांचं म्हणणं, ‘विसर्जनानंतर बघू.’ ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ हेही सोबत होतंच. छापलेल्या हिरव्या शब्दाचं वजन तोंडी सांगण्यापेक्षा जास्त पडतं. शेवटी समजावलं ते टेपनेच. भिंतीवर ५२ सेंटीमीटरची खूण केली आणि म्हटलं, तुमच्या पावलातलं रक्त फक्त इथवर चढतं. उजवा पाय याच्या वर उचलला तरी आवाज चालू होता, तुम्हीच ऐकलात. काकू उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘झब्बे मी आणि पोरगी बघतो. काजं-बटणं मलाही येतात.’ त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

त्याच आठवड्यात अँजिओप्लास्टी झाली. डुप्लेक्सच्या नकाशामुळे कुठे जायचं ते आधीच ठरलेलं, त्यामुळे डाय अगदी थोडी लागली. मागच्या धमनीतला अरुंद भाग फुग्याने उघडला. पुढची बंद धमनी उघडायचा प्रयत्न केला, तार पुढे गेली नाही, सोडून दिली. बोटाचं काळं टोक नंतर सुकून वेगळं काढावं लागलं, बोट वाचलं. दोन आठवड्यांनी अंगठ्याचा दाब ५२. जखम भरायला तीन महिने लागले. त्या काळात बोटावर भार येणार नाही अशी चप्पल, साखरेवर लक्ष, स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन. मूत्रपिंडाने फार कुरकुर केली नाही.

त्या दोन आठवड्यांच्या भेटीत एबीआयही मुद्दाम मोजला: १.१८. आधी १.१२ होता. म्हणजे पाय धोक्यात असताना ‘नॉर्मल’ आणि पाय वाचल्यावरही ‘नॉर्मल’. काकांच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनाने लिहिलंय: ‘घोट्याचा दाब ग्राह्य धरू नये, अंगठ्याचा मोजावा.’ पुढे कुठल्या शिबिरात गेले तर निदान ते पान कुणीतरी वाचेल.

सहा महिन्यांनी आले तेव्हा जखम बंद होती, पण अंगठ्याचा दाब ५२ वरून ४१ वर उतरला होता. डुप्लेक्समध्ये उघडलेल्या जागी वेग पुन्हा १४० पर्यंत चढलेला. गुडघ्याखालच्या धमन्या फुग्यानंतर पुन्हा अरुंद होतात हे नवीन नाही. प्रश्न असा की आता काय करायचं. शस्त्रवैद्यांचं मत, जखम नाही, विश्रांतीत वेदना नाही, तर आकड्यामागे धावून मूत्रपिंडाला पुन्हा डाय कशाला पाजायची. भरलेल्या कातडीला तगायला कमी रक्त पुरतं, ते भरत असताना जास्त लागतं. माझा कल लवकर हात घालण्याकडे होता, कारण त्या पायाला टाचणी टोचलेली कळत नाही. शेवटी त्यांचं म्हणणं मान्य केलं, अटीवर: दर तीन महिन्यांनी दोन्ही अंगठ्यांचे दाब, ३० च्या जवळ आले किंवा कातडी कुठेही फाटली तर त्याच दिवशी फोन, आणि गाळ्यात चप्पल बंद, पुढून झाकलेले बूट. उजव्या पायाला सध्या हात लावायचा नाही. चालायचा व्यायाम रोज, पोटरी भरून येईपर्यंत चालून थांबायचं, मोकळी झाली की पुन्हा निघायचं.

बुटांवर काकांनी हुज्जत घातली. पेडलवर बूट सरकतात म्हणे. मोटर काढून पायाची मशीन पुन्हा सुरू केल्याचं त्या वाक्यातून कळलं. किती वेळ मारता आणि कितव्या मिनिटाला पोटरी भरते, ते लिहून ठेवायला सांगितलंय.